कर्ट वॉर्नर : सुरुवातीची कारकीर्द

कर्ट वॉर्नर (जन्म २२ जून १९७१, बर्लिंग्टन, आयोवा) हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक. १९९४ मध्ये त्याला एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या एकाही संघाने निवडले नाही. जानेवारी २००० मध्ये त्याने सेंट लुईस रॅम्स संघाला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मधल्या पावणेसहा वर्षांत त्याने किराणा दुकानातली रात्रपाळी, बंदिस्त सभागृहातला फुटबॉल आणि ॲमस्टरडॅममधला एक हंगाम असा प्रवास केला. किराणा दुकानाची गोष्ट अमेरिकेत इतकी सांगितली गेली आहे की बाकीचा प्रवास तिच्याआड झाकला जातो. खरे तर तो खेळाडू म्हणून घडला तो त्या बाकीच्या प्रवासात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावत असतात. आपले सहकारी त्यांना अडवून धरतात तेवढ्या तीनेक सेकंदांत त्याला चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवून फेकावा लागतो. बाकीच्या बऱ्याच जागांवर खेळाडू सामन्यात आलटून पालटून उतरतात, क्वार्टरबॅक मात्र जायबंदी झाल्याशिवाय किंवा फारच वाईट खेळल्याशिवाय बदलत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक अख्खा हंगाम बाकावर काढू शकतो आणि तिसऱ्याला तर सरावातही चेंडू जेमतेम मिळतो. वॉर्नरच्या कारकिर्दीची पहिली वर्षे याच बाकावर गेली.

सीडर रॅपिड्समधल्या रेजिस हायस्कूलमधून १९८९ मध्ये बाहेर पडल्यावर तो सीडर फॉल्सच्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात गेला. एनएफएलला खेळाडू पुरवणाऱ्या बड्या विद्यापीठांत याची गणना होत नाही. ते त्यांच्या खालच्या, म्हणजे तेव्हाच्या 'वन डबल ए' श्रेणीत खेळत असे. तिथेही वॉर्नर चार वर्षे मागेच राहिला आणि शेवटच्या, १९९३ च्या हंगामात प्रथमच मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्या एका हंगामात तो गेटवे कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. पण छोट्या विद्यापीठातला एकच हंगाम पाहून कोणता संघ पैज लावणार?

महाविद्यालयीन खेळाडूंना एनएफएलमध्ये घेण्याची रीत म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावाशी तिची गल्लत होऊ नये. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि पहिली पाळी गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाची असते. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या झाल्या. क्वार्टरबॅकपैकी हीथ शुलर तिसरा उचलला गेला, ट्रेंट डिल्फर सहावा. सातही फेऱ्या संपल्या तरी वॉर्नरचे नाव आले नाही. असे उरलेले खेळाडू संघांच्या सराव शिबिरात नशीब अजमावतात. वॉर्नरला ग्रीन बे पॅकर्सने बोलावले, पण तिथे त्याच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघे होते. क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक स्टीव्ह मारियुची यांनी एकदा सरावात उतरायला सांगितले, तेव्हा चाली अजून नीट पाठ नाहीत म्हणून वॉर्नरने चक्क नकार दिला. हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. हंगाम सुरू होण्याआधी पॅकर्सने त्याला घरी पाठवले.

तो सीडर फॉल्सला परतला. दिवसा आपल्याच विद्यापीठाच्या संघाला शिकवायला मदत करायची आणि रात्री हाय-व्ही या दुकानात मालाची खोकी फोडून फळ्या भरायच्या, तासाला साडेपाच डॉलरवर. महाविद्यालयात असताना त्याची ब्रेन्डाशी ओळख झाली होती. ती मरीन दलातून बाहेर पडलेली होती, घटस्फोटित होती आणि तिला दोन मुले होती. थोरल्या मुलाच्या मेंदूला तान्हेपणीच इजा झाली होती. पैशांची इतकी ओढाताण की ही मंडळी काही काळ ब्रेन्डाच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात राहिली. किराण्याची गोष्ट खरी आहे ती एवढी. पण ऐकणाऱ्याला वाटते की वॉर्नर वर्षानुवर्षे दुकानात राबत होता आणि एके दिवशी थेट मैदानात उतरला. तसे झालेले नाही. दुकानातला काळ काही महिन्यांचाच होता.

१९९५ मध्ये तो डे मॉइनमधल्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळू लागला. या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. अरीना फुटबॉल ही १९८७ मध्ये जिम फॉस्टर यांनी सुरू केलेली लीग, आणि बार्नस्टॉर्मर्स हा संघही फॉस्टर यांचाच. खेळ छपराखाली, आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत चाले. एनएफएलचे मैदान १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद असते, इथे ५० यार्ड आणि ८५ फूट. बाजूला अकराऐवजी आठ गडी. कडेला पांढऱ्या रेघेऐवजी गाद्या लावलेली भिंत असते, त्यामुळे धावता धावता बाहेर पडायचे म्हणजे भिंतीवर आदळून प्रेक्षकाच्या मांडीत पडायचे. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना जाळ्या ताणलेल्या, आणि त्यांवर आपटून परत आलेला चेंडू जिवंत धरला जाई. एक झेल घेणारा तर चाल सुरू होण्याआधीच पुढे धाव घेऊ शके, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू येतो तेव्हा तो भरधाव निघालेला असे.

हा प्रकार पाहून जाणकार नाक मुरडत. तमाशा आहे, फुटबॉल नव्हे, असे म्हणणारेही होते. पण क्वार्टरबॅकच्या नजरेने पाहा. मैदान लांबी-रुंदीला अर्धे, म्हणजे झेल घेणाऱ्याभोवतीची मोकळी जागा अर्ध्याहून कमी. फेकायला वेळही कमी. खेळाडू मोकळा झालेला दिसेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. तो जिथे पोहोचणार आहे त्या जागेवर, तो वळण्याआधीच चेंडू सोडावा लागतो. शिवाय जवळपास प्रत्येक चाल पासची, म्हणजे चेंडू फेकण्याचीच असल्यामुळे एका सामन्यात इतके चेंडू हातातून जात, की बाकावर बसून कित्येक वर्षांत मिळाले नसते. बार्नस्टॉर्मर्सकडून तीन हंगामांत वॉर्नरने १८३ टचडाउन पास (ज्यांवर चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण मिळतात असे पास) फेकले : पहिल्या वर्षी ४३, दुसऱ्या वर्षी ६१, तिसऱ्या वर्षी ७९. चढता आलेख यापेक्षा स्पष्ट काय असणार? १९९६ आणि १९९७ या दोन्ही वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला.

एनएफएलने मात्र बराच काळ याकडे ढुंकून पाहिले नाही. १९९७ मध्ये शिकागो बेअर्सने चाचणीला बोलावले, तेव्हा हनिमूनला गेलेल्या वॉर्नरच्या उजव्या, म्हणजे चेंडू फेकण्याच्या हाताच्या कोपराला कोळी चावला आणि हात सुजला. चाचणी हुकली ती हुकलीच. मग ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सचे प्रशिक्षक अल लुगिनबिल मध्ये पडले. एनएफएलच्या युरोपातल्या लीगमध्ये खेळायला आधी एनएफएलच्या एखाद्या संघाने करारबद्ध करणे सोयीचे होते, म्हणून लुगिनबिल यांनी संघांना फोन लावले. सेंट लुईस रॅम्स तयार झाले. १९९८ च्या वसंतात वॉर्नर हॉलंडमध्ये खेळला आणि पासने पुढे नेलेले अंतर (२,१०१ यार्ड) व टचडाउन (१५) या दोन्हींत त्या लीगमध्ये पहिला आला. त्या संघात त्याच्या मागे बाकावर जेक डेलोम होता. तोही पुढे कॅरोलायना पँथर्सला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

१९९८ च्या एनएफएल हंगामात वॉर्नर रॅम्सचा तिसरा क्वार्टरबॅक होता, टोनी बँक्स आणि स्टीव्ह बोनो यांच्या मागे. अख्ख्या हंगामात एकच सामना वाट्याला आला : ११ पास, त्यातले ४ यशस्वी, ३९ यार्ड. रॅम्स त्या वर्षी १६ पैकी १२ सामने हरले. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्याने उभा राहत होता, आणि त्यासाठी प्रत्येक संघाला आपल्याकडचे काही खेळाडू ब्राउन्सपुढे खुले ठेवावे लागले. रॅम्सने वॉर्नरला खुले ठेवले. ब्राउन्सने घेतले नाही. दोन्ही संघांचा अंदाज चुकला, असे आज म्हणणे सोपे आहे. तेव्हा त्याच्या नावावर ते ३९ यार्डच होते.

त्याच उन्हाळ्यात रॅम्सने नवी घडी बसवली. इंडियानापोलिसकडून मार्शल फॉक हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू आला, ड्राफ्टच्या सहाव्या क्रमांकाने टॉरी होल्ट मिळाला. झेल घ्यायला आयझॅक ब्रूस होताच, आणि आक्रमणाची सूत्रे प्रशिक्षक माइक मार्ट्झ यांच्याकडे आली. हे सगळे चालवायला संघाने ट्रेंट ग्रीन या क्वार्टरबॅकशी करार केला. ग्रीन सेंट लुईसमध्येच वाढलेला, म्हणजे घरचाच. (त्याचा जन्म मात्र सीडर रॅपिड्सचा, ज्या गावात वॉर्नर वाढला.) त्यानेही बाकावर वर्षे काढली होती आणि आता कुठे त्याचे दिवस आले होते. २८ ऑगस्ट १९९९ रोजी, हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात सॅन डिएगो चार्जर्सचा रॉडनी हॅरिसन त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला. लिगामेंट फाटले, हंगाम संपला. रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगला फुटबॉल खेळू, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्या बहुतेकांना हा कर्ट वॉर्नर कोण हेच ठाऊक नव्हते.

१२ सप्टेंबरला बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध रॅम्स २७–१० असे जिंकले आणि वॉर्नरने ३०९ यार्ड व तीन टचडाउन पास नोंदवले. पहिल्या तिन्ही सामन्यांत त्याने प्रत्येकी तीन टचडाउन पास फेकले. याआधी कोणत्याही क्वार्टरबॅकला सुरुवातीपासून खेळलेल्या आपल्या पहिल्या तीन सामन्यांत हे जमले नव्हते. चौथा सामना सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सशी. त्यांच्याकडून रॅम्स लागोपाठ सतरा सामने हरले होते. वॉर्नरने पाच टचडाउन फेकले आणि रॅम्स ४२–२० असे जिंकले. पुढच्या आठवड्यात 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'ने त्याला मुखपृष्ठावर घेतले आणि मथळ्यातच विचारले, हा गडी आहे तरी कोण?

मार्ट्झ यांच्या आक्रमणात चार-पाच जण एकाच वेळी मैदानभर पसरून धावत आणि पास ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी पडावा लागे. क्वार्टरबॅकने रेंगाळून चालत नसे. डे मॉइनच्या त्या गादीच्या भिंतींमध्ये वॉर्नरने तीन वर्षे हेच केले होते, आता जागा तेवढी दुपटीहून जास्त मिळाली. हंगामअखेरीस त्याच्या नावावर ४,३५३ यार्ड, ४१ टचडाउन आणि फक्त १३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडलेले पास) होते. आदल्या वर्षी चार सामने जिंकलेल्या रॅम्सने तेरा जिंकले. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून वॉर्नरचीच निवड झाली. हे आक्रमण 'ग्रेटेस्ट शो ऑन टर्फ' या नावाने ओळखले जाऊ लागले. फॉक, ब्रूस आणि होल्ट नसते तर हे आकडे झाले नसते, हेही खरेच.

बाद फेरीत मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध ४९–३७ अशी धावपळ झाली. टँपा बेविरुद्ध मात्र अकराच गुण झाले आणि तेवढे पुरले. ३० जानेवारी २००० रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये सुपर बोल ३४ झाला. समोर टेनेसी टायटन्स. रॅम्स १६–० असे पुढे होते, टायटन्सने १६–१६ अशी बरोबरी साधली तेव्हा घड्याळात दोन मिनिटांच्या वर थोडीच सेकंदे उरली होती. पुढच्याच चालीला वॉर्नरने लांब चेंडू सोडला. सोडता सोडता जेव्हॉन केअर्स त्याच्यावर येऊन आदळला, त्यामुळे चेंडू जरा आखूड पडला. ब्रूस मागे सरकला, झेल घेतला आणि आत वळून सुटला : ७३ यार्ड, टचडाउन. स्वतः वॉर्नर तोवर खाली पडलेला होता. शेवटच्या चालीला टायटन्सच्या केव्हिन डायसनला रॅम्सच्या माइक जोन्सने गोलरेषेपासून एका यार्डावर धरले आणि सामना २३–१६ असा संपला. वॉर्नरचे ४१४ यार्ड हा तेव्हा सुपर बोलचा विक्रम होता. आधीचा, ३५७ यार्डांचा, जो मोंटाना याचा होता. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या क्वार्टरबॅकने संघाला सुपर बोल जिंकून देण्याची ही पहिलीच वेळ. अरीना आणि एनएफएल या दोन्ही खेळांच्या हॉल ऑफ फेममध्ये पुढे त्याला स्थान मिळाले, पहिल्यात २०११ मध्ये, दुसऱ्यात २०१७ मध्ये.

ट्रेंट ग्रीन त्या वर्षभर गुडघा सांभाळत बाजूला बसला होता. २००० च्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध वॉर्नरच्या उजव्या हाताची करंगळी मोडली आणि पुढचे पाच सामने ग्रीन खेळला. नंतर वॉर्नर परत आला आणि ग्रीन पुन्हा बाकावर गेला. २००१ मध्ये रॅम्सने त्याला कॅन्सस सिटी चीफ्सकडे पाठवले. तिथे तेव्हा नवे प्रशिक्षक रुजू झाले होते, डिक व्हर्मील.