वाट तुटते कुठे?

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती फुटपाथवरून चालत नाही. उभ्या स्कूटरींच्या बाहेरून, अंग चोरून, रस्त्याच्या कडेने जाते. एकदा मी चिडलो, तर म्हणाली, "अरे, दर दहा पावलांवर उतरायचं नि पुन्हा चढायचं. त्यापेक्षा खाली बरं."

पुण्याच्या पेठेतला तो फुटपाथ मग मी पायांकडे बघत चाललो. प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी तो संपत होता आणि गेट ओलांडलं की पुन्हा सुरू होत होता. नकाशावर ती एक सलग रेघ आहे. आईच्या गुडघ्यांसाठी तो जिना आहे.

शहराच्या मध्यभागातून चालायची आणि सायकलची वाट आखताना सगळी चर्चा लांबी-रुंदीची होते. रुंदी हवीच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. फुटपाथची उंचीही १५० मिलिमीटरच्या वर नको. पण माझ्या मते वाटेची खरी परीक्षा ती जिथे तुटते तिथे होते, गेटपाशी आणि चौकात.

सायकलचं गणित मांडून बघू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन, वेग ताशी १५ किलोमीटर. गतिज ऊर्जा येते साधारण ७०० ज्यूल. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते आणि पुन्हा निघताना पायांनी नव्याने भरावी लागते. सपाट रस्त्यावर याच वेगाने जाताना हवा आणि टायर मिळून साधारण १३ न्यूटनचा विरोध करतात. म्हणजे एकदा थांबून निघणं हे पन्नासेक मीटर जास्त सायकल चालवण्यासारखं. किलोमीटरभरात दहा वेळा थांबावं लागलं, तर पायांच्या हिशेबी तो दीड किलोमीटर होतो. बांधलेला ट्रॅक सोडून सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरतो, त्याला आपण बेशिस्त म्हणतो. त्याचे पाय मात्र बरोबर हिशेब करत असतात.

गेटपाशी वाट सलग ठेवायचा उपाय साधा आहे: फुटपाथची पातळी तीच ठेवायची आणि गाडीला छोट्या उतारावरून वर चढून तो ओलांडायला लावायचं. चढ-उतार इंजिनाने करावा, गुडघ्याने नाही. गाडीचा वेगही आपोआप उतरतो. झेब्रा पट्ट्यांनाही हेच लागू. तिथला रस्ताच फुटपाथच्या उंचीला उचलला, तर चालणाऱ्याला उतरावं लागत नाही आणि चालकाला ती जागा वेगळी असल्याचं चाकांतून कळतं.

चौकातला कोपरा हा तर स्वतंत्र विषय आहे. वळताना गाडीला मिळणारं बाजूचं त्वरण, म्हणजे आतल्या माणसाला बाजूला ढकलल्यासारखं वाटतं ते, वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या इतकं असतं. प्रवाशांना सहन होईल अशा त्वरणात बारा मीटर त्रिज्येचं वळण ताशी वीसच्या आसपास घेता येतं, चार मीटरचं जेमतेम अकराने. म्हणजे कोपऱ्याचा दगड कसा कापला, यावरच वेग ठरतो, पाटी लावा किंवा लावू नका. घट्ट कोपऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होतं. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हातारं माणूस ०.८. चौदा मीटरचा रस्ता पहिल्याला बारा सेकंदांचा, दुसऱ्याला साडेसतरा सेकंदांचा. मधे उभं राहायला रुंद दुभाजक दिला, तर तेच काम दोन तुकड्यांत होतं.

वेग कमी ठेवायचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. मूल अचानक रस्त्यात आलं, तर चालकाला पाय ब्रेकवर न्यायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर तेरा-चौदा मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची गाडी त्या एका सेकंदातच चौदा मीटर गेलेली असते. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेकही लागलेला नसतो. त्या गाडीत ऊर्जाही पावणेतीन पट असते.

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत यातलं पुष्कळ दिसतं. फुटपाथ रुंद झाले, जुनी झाडं जागेवर राहिली, बसायला बाक आले. एप्रिलच्या दुपारी तिथल्या वडाच्या सावलीतून गेलं, की झाड हा वाटेचा भागच का धरायचा हे अंगाला कळतं. सायकलची पट्टी मात्र अनेकदा चालणारे आणि उभ्या दुचाकी वापरतात. मला यात लोकांचा दोष कमी आणि आखणीचा जास्त वाटतो. जी पट्टी पुढच्या चौकात विरून जाते, तिच्यावर सायकली येत नाहीत. आणि रिकामी जागा पार्किंगवाल्याला लगेच दिसते.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात चालत आणि सायकलने थेट जाता येतं. मोटारीला मात्र बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन पुन्हा आत यावं लागतं. दुकानदारांचा तेव्हा कडाडून विरोध होता. पण सायकलची वाट सलग राहिली, तुटली ती मोटारीची. आपल्याकडे पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद केला होता, तेव्हा हेच एका दिवसापुरतं अनुभवायला मिळालं.

मध्यंतरी आईला त्याच जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिरापासून संभाजी बागेच्या बाजूने चालवत नेलं. बऱ्याच दिवसांनी ती पायांकडे न बघता, झाडं बघत, माझ्याशी बोलत चालली. कोपरा आला तशी गप्प झाली आणि माझा दंड धरला.