‘उपवासाचं’ आणि ‘जैन’ यांच्या मधली ती तिरकी रेघ

कार्यक्रमाच्या जेवणाची यादी हातात पडली की तिच्या तळाशी एक ओळ हमखास असते: ‘उपवास/जैन – २५ पानं’. मधल्या त्या तिरक्या रेघेने मला वर्षानुवर्षं छळलंय. मी नाशकात घरूनच जेवणाच्या ऑर्डरी घेते. यादी करणाऱ्याला वाटतं, दोन्ही ‘पाळणारी’ माणसं, दोघांनाही कांदा-लसूण नको, तर एकाच पातेल्यात भागेल. नाही भागत. उपवासाच्या पानातला सगळ्यात मोठा ढीग बटाट्याचा, आणि जैन पानात नेमका तोच चालत नाही. जैन पानात वरण-भात, पोळी, उसळ सगळं असतं, आणि उपवासाच्या माणसाला त्यातला घासही घेता येत नाही. ही दोन पानं एकमेकांच्या जवळची नाहीतच.

मिसळीच्या ठिकाणांवर हल्ली ‘जैन मिसळ’ आणि ‘उपवासाची मिसळ’ अशा दोन पाट्या शेजारी लागतात. निदान तिथे रेघ नाही, याचं मला बरं वाटतं. उपवासाच्या मिसळीत खाली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी आणि बटाट्याच्या किसाचा चिवडा. जैन मिसळीत कडधान्य, फरसाण, पाव. कांदा, लसूण, आलं, बटाटा वगळून. दोन्ही पाट्या वाचून ‘एकच की हो’ म्हणणारे मी स्वतः पाहिलेत.

आपला उपवास कुणाला शिकवायला नको. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे, केळी, दूध-दही. धान्य नाही, डाळी नाहीत. कोथिंबीर चालते का, काकडी चालते का, लाल भोपळा चालतो का, हे घरागणिक बदलतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खिचडीत हळद घालणाऱ्यांशी मात्र माझं कधीच जमणार नाही. जाता जाता एक सांगते: बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिकं. आपल्या उपवासाचं ताट जुनं वाटतं, पण त्यातला बराचसा माल गेल्या काही शतकांतला. तेव्हा ‘हे शास्त्रात लिहिलंय’ म्हणून बटाट्याचा आग्रह दुसऱ्याला कुणी करू नये.

आता मूळ मुद्दा.

आपला उपवास विचारतो: आज वार कोणता, तिथी कोणती? श्रावणी सोमवार असेल, एकादशी असेल, तर आज ‘अन्न’ नाही, फराळ. अन्न म्हणजे धान्य. उद्या तेच धान्य पुन्हा ताटात. बंधन दिवसाला आहे, पदार्थात काही वाईट आहे म्हणून नाही. जैन नियम वेगळंच विचारतो: हा पदार्थ ताटात यायला किती जीव गेले? हा प्रश्न सोमवारी जितका खरा, तितकाच मंगळवारी. म्हणून बटाटा त्यांना वर्षभर वर्ज्य, आणि गव्हाची पोळी वर्षभर चालते.

बटाटाच का, हे नीट समजून घ्या, म्हणजे याद्या पाठ कराव्या लागणार नाहीत. जैन विचारात वनस्पतींचे दोन प्रकार मानतात. एका शरीरात एक जीव असलेली ती प्रत्येक वनस्पती. एकाच शरीरात अनंत जीव असलेली ती साधारण वनस्पती, म्हणजेच अनंतकाय. बहुतेक कंदमुळं या दुसऱ्या प्रकारात येतात: बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं, ओली हळद. शिवाय कंद काढायचा म्हणजे झाड मुळासकट उपटायचं आणि माती उकरताना तिच्यातले जीवही मारायचे. आंबा उतरवला तर झाड उभं राहतं. मुळा उपटला तर काहीच उरत नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात.

सुंठ चालते आणि आलं का नाही? सुकलेल्यात ती जीवशक्ती उरलेली नसते, असं मानतात. हळदीची पूड चालते तीही त्यामुळेच. शेंगदाणा जमिनीखाली लागतो, मग तो कसा चालतो, असा प्रश्न काही हुशार मंडळी जैन पाहुण्याला जेवता जेवता विचारतात, जणू त्याला कोंडीत पकडलंय. शेंगदाणा मूळ नाही, बी आहे. अंजीर, उंबरासारखी फळं नकोत, कारण आत किडे असतात. वांगं बरीच घरं टाळतात, बिया फार म्हणून. मध नाही. मोड आलेली कडधान्यं कडक पाळणारे घेत नाहीत, कारण कोवळा अंकुरही अनंतकायच. त्यामुळे मोडाच्या मटकीची ‘जैन मिसळ’ खरं तर सगळ्याच जैनांना चालते असं नाही. मी उसळीसाठी मटकी नुसती भिजवून, मोड न आणता शिजवते.

साबुदाण्याचं विचाराल, तर तो कंदापासूनच होतो, म्हणून पुष्कळ घरांत वर्ज्य, काही घरांत चालतो. तिथे अंदाज बांधू नका, विचारा.

या गल्लतीची एक जुळी बहीण आहे: ‘जैन म्हणजे कांदा-लसूण नसलेलं’. लासलगावचा बाजार ज्या जिल्ह्यात आहे, तिथे कांदा सोडणं लोकांच्या नजरेत भरतं, बटाटा सोडणं नाही, म्हणून असं होत असावं. पण आपल्याकडेही चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं करून मनसोक्त खायचं आणि मग कार्तिकीपर्यंत बंद. तिथे कारण तामसपणाचं: कांद्या-लसणाने वृत्ती चाळवते. त्यात जिवाचा हिशेब नाही, म्हणूनच त्या घरात चातुर्मासभर बटाट्याची भाजी बिनघोर होते. जैनांचाही चातुर्मास साधारण त्याच चार महिन्यांचा असल्याने गोंधळ आणखी वाढतो. त्यांचं कारण पावसाळा. जमिनीवर, पाल्यावर जीव फार झालेले असतात. साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, आणि गृहस्थही पालेभाज्या सोडतात. म्हणून ‘कांदा-लसूण न घालता’ एवढं सांगून केलेली बटाट्याची रस्साभाजी जैन होत नाही. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तेच. तो शाकाहारी एवढंच सांगतो. आत कांद्या-लसणाची पूड खुशाल असू शकते.

आणि आता तो शब्द, ज्याच्यापायी मी स्वतः चुकले.

आम्ही गंगापूर रोडला राहायला आलो त्याला पाच-सहा महिने झाले होते. समोरच्या दारातल्या भाभी म्हणाल्या, “ताई, आज उपवास आहे माझा.” माझ्या डोक्यात उपवास म्हटल्यावर जे यायचं तेच आलं. तासाभरात साबुदाण्याचे सहा वडे तळले, बाजूला दाण्याची चटणी, ताटलीवर रुमाल टाकून नेऊन दिले. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी घेतली, “कशाला एवढं केलंत,” म्हणाल्या आणि आत ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन, वर मूठभर बदाम ठेवून परत आली. वडे कामवाल्या मावशींना दिले होते. मला ते पुढे चार महिन्यांनी कळलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. जैन घरात उपवास म्हणजे काहीच न खाणं. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. मी त्यांना उपवासाच्या दिवशी, त्यांच्यासमोर, बटाटा घातलेला तळलेला पदार्थ नेऊन दिला होता. त्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही, पण केल्याची खंत मला अजून आहे.

त्यांच्याकडे थोडं खाऊन करायच्या व्रतांना निराळी नावं आहेत. एकासण म्हणजे एकाच बैठकीत एकदाच जेवण. बियासण म्हणजे दोनदा. आयंबिल म्हणजे एक वेळ उकडलेलं धान्य-कडधान्य, त्यात तूप, तेल, दूध, दही, साखर, हिरवी भाजी काही नाही. अठ्ठाई म्हणजे सलग आठ दिवस नुसतं पाणी. वर्षीतप म्हणजे वर्षभर एक दिवसाआड उपवास. त्याचं पारणं अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होतं, पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या पारण्याची आठवण म्हणून. आपल्या घरी आमरस-पुरी असते त्याच दिवशी. इकडे सटाण्याजवळ मांगी-तुंगीला २०१६ साली त्याच ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली. तिकडे जाणारे बरेच जण माझ्याकडून डबे नेतात, आणि त्यांच्यासोबतची आपली माणसं न चुकता म्हणतात, “यांच्यासाठी उपवासाचं द्या, चालेल.” चालत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या घरातली आहे, त्यांच्या उपवासाला ती लागू पडत नाही.

वेळेचं थोडक्यात. बरेच जैन सूर्यास्तानंतर खात नाहीत. चौविहार असेल तर पाणीही नाही. सकाळी नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात घास. थंडीत नाशकात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, त्यामुळे ‘आठला या जेवायला’ हे जैन मित्राला दिलेलं आमंत्रण नसतंच. आपली संकष्टी तर चंद्रोदयानंतर सुटते. भाभींकडचे मोदक मी चार वाजताच पोचवते आणि नैवेद्याचे वेगळे करते. सकाळपर्यंत ठेवून खा, असं म्हणायची सोय नाही, रात्र उलटलेलं ओलं अन्न त्यांच्याकडे शिळं. माझं माहेर जुन्या नाशकात, भद्रकालीला. लहानपणी रमझानात दूधबाजाराच्या बाजूने अजान आली की शेजारच्या चाची पहिला खजूर तोंडात टाकायच्या, आणि मागच्या वाड्यातल्या जैन आजी, बा, त्याच्या जराच आधी शेवटचा पाण्याचा पेला पिऊन उपडा घालून ठेवायच्या. दोघींनाही कुणी ‘थोडंसं घ्या, काय होतंय’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. हल्ली ते वाक्य फार ऐकू येतं. ‘बटाटा बाजूला काढून खा’ हेही. रस्सा त्याच पातेल्यातला असतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही का?

आपल्याकडे एकच दिवस असा आहे जो जैन प्रश्नाच्या अगदी जवळ जातो: ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे तिथेही प्रश्न हाच की या घासासाठी कुणी सोसलं. पण उत्तर पाहा. नांगर लागत नाही म्हणून ऋषीच्या भाजीत आपण सुरण आणि अळू घालतो, परसातला कंद खणून काढतो. भाव जवळचा, पण भाजी त्यांना न चालणारी.

आणि त्याच सुमाराला, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला, जैनांच्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, येतो. आमच्या घरी गणपती बसतात, एकवीस मोदक, वरण-भात, पुरणाची धांदल. आणि समोरच्या घरात वर्षातला सगळ्यात कडक उपवास. पहिल्या वर्षी मी वाटीभर मोदक घेऊन निघालेच होते, तेवढ्यात सासूबाईंनी हाताला धरून थांबवलं. आता त्या दिवशी मी काही नेत नाही. भाभी संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या दोषांची कबुली देणारी प्रार्थना, आटोपून येतात, गणपतीला हात जोडतात आणि आम्हा सगळ्यांना ‘मिच्छामी दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागतात. पारण्याच्या सकाळी मुगाचं पाणी त्या घरीच करतात. मी केळी आणि भिजवलेल्या मनुका नेते.

दोन्हीकडची माणसं एका पंगतीत बसवायचीच असतील, तर जमतं, पण दोन्ही नियम एकत्र लावून. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी जिरं-मिरचीची, आलं आणि बटाटा न घालता. राजगिऱ्याच्या पुऱ्या, कच्च्या केळ्याची भाजी, खजूर, दूध. तळायला शेंगदाणा तेल किंवा तूप. दोन्ही पानं एकाच वेळी वाढायची तर दुपारीच, किंवा दिवेलागणीच्या बऱ्याच आधी. अष्टमी-चतुर्दशीला जैन घरं हिरवं टाळतात, तेव्हा केळ्याची भाजी धरू नका, कोथिंबीरही नको.

बाकी वेळी पातेली वेगळी. ऑर्डर घेताना मी यादी बाजूला ठेवून विचारते: उपवासाचे किती, जैन किती? मग जैन पानांसाठी आणखी एवढंच: सूर्यास्ताआधी वाढायचंय का, आणि आज कुणाचा उपवास तर नाही ना? असेल, तर त्यांचं पान मोजत नाही. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या तेवढा पाठवते.