लाइन थांबवायची कोणी? स्वयंचलनाच्या वादाची पार्श्वभूमी

कारखान्यात किंवा गोदामात रोबो आला की पहिली चर्चा नोकऱ्या किती जाणार याची होते. ती रास्तच आहे. पण जुने संघर्ष चाळले तर कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात पुनःपुन्हा जुंपली ती कामाचा वेग कोण ठरवणार यावरून.

इंग्लंडमध्ये १८११ पासून माग फोडणारे लुडाइट कामगार यंत्रद्वेष्टे म्हणून बदनाम झाले. खरे तर हे कारागीर स्वतः यंत्रांवरच काम करत. राग होता तो यंत्राच्या आडून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली आणि विषय संपवला.

फोर्डने १९१३ मध्ये हायलँड पार्क इथे सरकती असेंब्ली लाइन, म्हणजे पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या गाडीला सुटे भाग जोडत जायची पद्धत, सुरू केली. चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते काम दीड तासावर आले. आता वेग पट्ट्याचा, माणसाने त्याच्यामागे धावायचे. कामगार पटापट सोडून जाऊ लागले. सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षी ५० हजारांहून अधिक माणसे घ्यावी लागली. १९१४ च्या जानेवारीत कंपनीने रोज पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली. या औदार्याचे गोडवे आजही गायले जातात. मात्र पूर्ण रक्कम हवी असेल तर कंपनीचे निरीक्षक घरी येऊन दारू, बचत, टापटीप तपासून जात, हे सहसा कोणी सांगत नाही.

जपानमध्ये वेगळी वाट निघाली ती कापडाच्या मागातून. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या यंत्रमागात धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यामुळे मागापाशी पहारा देत उभे राहायची गरज उरली नाही, एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. टोयोटाच्या मोटार कारखान्यात तैइची ओनो यांनी हेच तत्त्व माणसांच्या हाती दिले. लाइनच्या कडेने दोरी असते. बोल्ट नीट बसत नसेल तर कामगार ती ओढतो, वरच्या फलकावर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या जागी पोचेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते.

अमेरिकेत १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो लागला. तापलेले धातूचे सुटे भाग उचलण्याचे धोक्याचे काम त्याने घेतले, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचे कारण नव्हते. पण कंपनीच्या लॉर्ड्‌सटाउन कारखान्यात रोबोंच्या जोडीला ताशी शंभर गाड्यांचा वेग आला, म्हणजे एका गाडीमागे ३६ सेकंद. १९७२ मध्ये तिथे संप झाला. मागणी पगारवाढीची नव्हती, कामाचा बोजा हेच भांडण होते.

मग कंपनीने ऐंशीच्या दशकात रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतले. त्याच काळात, १९८४ मध्ये, तिचा बंद पडलेला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला. गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध असलेले बरेचसे जुने कामगार परत आले, युनियनही तीच. रोबोंची फार रेलचेल नव्हती, पण हाताशी दोरी होती. गैरहजेरी झपाट्याने घटली, गाड्यांचा दर्जा सुधारला. स्वयंचलनाच्या इतिहासातला मला तरी सर्वांत बोलका प्रयोग हाच वाटतो.

पुरवठा साखळीत हा प्रश्न आधी बंदरांवर आला. १९५६ मध्ये अमेरिकी मालवाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांनी ५८ कंटेनर जहाजावर चढवले आणि गोदी कामगारांच्या टोळ्यांचे दिवस भरले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी युनियनने १९६० मध्ये यंत्रे स्वीकारली, बदल्यात रोजगाराची हमी आणि निवृत्तीचे पैसे घेतले. गोदामांत असा सौदा झालाच नाही. अॅमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा ही रोबो कंपनी विकत घेतल्यावर रॅक चालत माणसाकडे येऊ लागले. पायपीट वाचली, पण हातातला स्कॅनर प्रत्येक वस्तूचा वेळ नोंदवतो आणि पुढची वस्तू सॉफ्टवेअर ठरवते. तिथे ओढायला दोरी नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून गोदाम मालकांना कामाचा कोटा कामगाराला लेखी कळवणे बंधनकारक केले, आणि जेवणाची सुटी किंवा स्वच्छतागृहात जाणे अशक्य करणारा कोटा बेकायदा ठरवला.