वैमानिकाचं मेडिकल: ‘दोष आहे का?’पासून ‘धोका किती?’पर्यंत

माझ्या भाच्याला मुतखडा आहे हे कळलं ते पोट दुखलं म्हणून नव्हे. गोव्यातल्या फोंड्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, दहावीपासून पायलट व्हायचं डोक्यात. क्लास टूचं, म्हणजे शिकाऊ वैमानिकाला लागणारं मेडिकल सुरळीत पार पडलं. क्लास वनसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या मेडिकलसाठी, रात्रीच्या बसने बंगळूरला गेला आणि तिथल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा दिसला. कागदावर शेरा आला, ‘टेम्पररी अनफिट’. बहिणीचा फोन आला, “दादा, अरे त्याचं पोट कधी साधं दुखलंसुद्धा नाही. मग अनफिट कसा?”

तिला समजेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. हा नियम आला कुठून, हे कळल्याशिवाय तो शेरा अन्यायच वाटत राहतो.

वैमानिकाला डॉक्टरने तपासायचं ही पद्धत पहिल्या महायुद्धात रुजली. सुरुवातीला विमानदलांत घोडदळातले, पायदळातले, कधी तर जखमी होऊन परतलेले लोकही येत. त्या काळचा एक ब्रिटिश हिशेब पुढे सगळीकडे सांगितला गेला. गमावलेल्या १०० वैमानिकांपैकी २ शत्रूमुळे गेले, ८ विमानातल्या बिघाडामुळे आणि ९० स्वतःतल्या उणिवांमुळे. आकडा कितपत काटेकोर होता यावर वाद होऊ शकतो, पण त्याने सैन्यांचे डोळे उघडले. नजर, कान, तोल, हृदय सगळं तपासायचं आणि ज्याच्यात खोट दिसेल त्याला बाजूला काढायचं, अशी रीत पडली. सैन्याकडे तरुणांची रांग लागलेली असे, त्यामुळे एकेकाचा वेगळा विचार करण्याची गरज कुणाला भासली नाही.

नागरी विमानवाहतुकीत ही चाळणी लवकरच अपुरी ठरू लागली. अमेरिकेतला वायली पोस्ट १९२६ साली तेलविहिरीवर काम करताना अपघातात डाव्या डोळ्याला मुकला. भरपाईच्या पैशातून त्याने विमान घेतलं आणि एका डोळ्याने अंतर जोखण्याचा सराव केला. त्याला सवलत देऊन परवाना दिला गेला. जुलै १९३३ मध्ये त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. एका डोळ्याचा माणूस हे करू शकतो, तर निव्वळ ‘दोष आहे’ म्हणून कुणाला घरी पाठवणं बरोबर का, हा प्रश्न मग टाळता येईना.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो करारावर सह्या झाल्या. भारत त्यात होता आणि तेव्हा गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगालही होता. याच करारातून आलेलं परिशिष्ट १ वैमानिकांच्या परवान्यांसंबंधी आहे, आणि क्लास वन, क्लास टू ही वर्गवारीही त्यातलीच. त्यात एक लवचीक कलम आहे आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. एखादी वैद्यकीय अट पूर्ण होत नसली, तरी तज्ज्ञांच्या मते उड्डाणाच्या सुरक्षिततेला धक्का लागणार नसेल तर परवाना देता येतो. त्या वेळी उमेदवाराचं कौशल्य आणि अनुभवही विचारात घ्यायचा असतो. गरज पडल्यास परवान्यावर मर्यादा लिहायची, उदाहरणार्थ, शेजारी पात्र आणि अनुभवी वैमानिक असेल तरच उडवायचं.

आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांवर हा डोलारा उभा राहिला. नियम ३९-बी वैद्यकीय पात्रतेचा. (कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.) विमानवैद्यकाचं ज्ञान मात्र देशात हवाई दलापाशीच होतं. बंगळूरची विमानवैद्यक संस्था १९५७ मध्ये हवाई दलाने स्थापन केली. नागरी वैमानिकाचं पहिलं क्लास वन मेडिकल वर्षानुवर्षं तिथे किंवा दिल्लीतल्या हवाई दलाच्या केंद्रातच होत असे. आता नागरी डॉक्टरांनाही हे काम मिळालं आहे. पण लष्करी चाळणीचा धाक मनांत अजून आहे.

गोव्यात तो जरा जास्तच आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये बांधला, मुक्तीनंतर नौदलाचा ‘हंसा’ तळ १९६४ मध्ये तिथे आला. माझ्या पिढीला विमान म्हणजे वास्कोवरून घोंघावत जाणारं नौदलाचं विमान. सैन्यभरतीतून सपाट पावलांमुळे किंवा चष्म्यामुळे परत आलेला कुणी ना कुणी प्रत्येक वाड्यावर असायचा. म्हणून ‘मेडिकलला काही निघालं की संपलं’ हे आम्ही गृहीतच धरलं. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली, आणि पेडण्याकडची मुलं आता प्रवासी विमानांची स्वप्नं बघतात. आईबापांच्या मनातली भीती मात्र अजून जुन्या भरतीची आहे.

नियमामागचा विचार खरा बदलला तो हृदयामुळे. अंतराळवीर डीक स्लेटन याला १९६२ मध्ये हृदयाच्या ठोक्यांतल्या अनियमिततेमुळे उड्डाणापासून दूर ठेवलं. तो हटला नाही. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याला पुन्हा फिट ठरवलं गेलं, आणि जुलै १९७५ मध्ये, ५१ व्या वर्षी, तो अंतराळात गेला. त्याच १९७२ च्या १८ जूनला लंडनजवळ स्टेन्स इथे एक ट्रायडेंट विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत कोसळलं आणि ११८ माणसं गेली. कप्तानाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना गंभीर विकार असल्याचं शवविच्छेदनात दिसलं. मेडिकल मात्र तो पास होत आला होता. एका बाजूला दोष असूनही सुखरूप उडालेला माणूस, दुसऱ्या बाजूला कागदावर ठणठणीत असलेला कप्तान.

१९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी यातून एक हिशेब मांडला. त्याला ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात. वर्षात साधारण दहा हजार तास धरा. वैमानिक वर्षभरात अचानक कोलमडण्याची शक्यता १ टक्का असेल, तर दर तासाला ती दहा लाखांत एक पडते. उड्डाण आणि उतरण्याचा नाजूक वेळ प्रवासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे कोटीत एक. शेजारचा वैमानिक अशा शंभर प्रसंगांपैकी नव्व्याण्णव वेळा विमान सावरतो असं धरलं, तर अब्जात एक. एवढा धोका पत्करता येतो. दोन वैमानिकांच्या विमानात चालणारा माणूस एकट्याने उडवायच्या विमानात का चालत नाही, तेही या हिशेबातून उमगतं.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडलं. मूत्रपिंडात बसलेला खडा सहसा दुखत नाही. तो सरकून मूत्रवाहिनीत अडकला की कळा येतात, आणि त्या कळांनी धडधाकट माणूसही जमिनीवर लोळतो. विमान धावपट्टीवर उतरवत असताना हे झालं तर? डॉक्टर आजचं दुखणं तपासत नव्हते. खडा कधी सरकेल याचा कुणाला भरवसा देता येत नाही, म्हणून तो शेरा होता.

हाच हिशेब पुढे मधुमेहाला लागू झाला. इन्सुलिन घेणाऱ्यांना व्यावसायिक उड्डाण पूर्वी जवळपास सगळीकडे बंद होतं. ब्रिटनने २०१२ मध्ये दार उघडलं ते कडक शिस्तीसह: उड्डाणापूर्वी साखर तपासायची, हवेत दर तासाला आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी. अमेरिकेने २०१९ च्या अखेरीस तो मार्ग खुला केला.

मनाच्या आजारांनाही उशीर लागला. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्यावरची गोळी म्हणजे घरी बसणं, त्यामुळे गोळी लपवायची किंवा घ्यायचीच नाही असे दोनच रस्ते उरत. २०१० मध्ये चार औषधांना अटींसह परवानगी मिळाली. २४ मार्च २०१५ रोजी आल्प्समध्ये सहवैमानिकाने विमान मुद्दाम आदळवलं, १५० माणसं गेली. आपला आजार आणि डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी त्याने कंपनीपासून लपवली होती. त्यानंतर नियम नुसते आणखी कडक करा म्हणणारे पुष्कळ होते. मला ते पटत नाही. सांगितलं की नोकरी जाते, ही भीती आहे तोवर लोक लपवणारच.

भाच्याने खडा लपवला नाही. मूत्रविकारतज्ज्ञाकडे उपचार घेतले, भरपूर पाणी प्यायला, खडा पडून गेला. रिव्ह्यूला, म्हणजे फेरतपासणीला, जाताना त्याच्या पिशवीत नवी सोनोग्राफी होती, डॉक्टरांचं पत्र होतं, खडा कशाचा बनला होता त्याचा अहवाल होता. लघवीतल्या कॅल्शियमची तपासणीही त्याने आधीच करून घेतली होती. बहिणीने लहानपणच्या बालदम्याचे जुने केसपेपरही दिले. सातव्या वर्षानंतर एकदाही पंप लागला नाही, हे त्यांत तारखांसह लिहिलेलं होतं. ते कागद तिने घर बदलतानाही टाकले नव्हते.