शॉटच्या आधी बोलणारा माणूस : पूल कॉमेंट्रीची पार्श्वभूमी

पूल म्हणजे टेबलावर क्यूने, म्हणजे काठीने, बॉल पॉकेटात घालायचा खेळ. त्याच्या मॅचवरून जेवढी भांडणं होत नसतील तेवढी कॉमेंट्रीवरून होतात. एकाला जो कॉमेंटेटर देव वाटतो, त्याचा आवाज आला की दुसरा म्यूट करतो. मला वाटतं याचं कारण पूलच्या कॉमेंट्रीला एकच घराणं नाहीये, दोन-तीन आहेत, ती वेगवेगळ्या लोकांसाठी जन्माला आली आणि आता सगळी एकाच स्ट्रीमवर येऊन बसलीत, म्हणून ही खडाखडी. तर ही घराणी आली कुठून ते बघू.

आधी खेळाचंच बघा. विली मोस्कोनी या मोठ्या खेळाडूच्या काळात म्हणजे १९४० आणि ५० च्या दशकात अमेरिकेत मोठा गेम होता स्ट्रेट पूल. कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट, फक्त आधी सांगायचं, आणि ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचायचं. मोस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉट केले होते. भारी आहेच, पण टीव्हीवर दाखवायचं कसं? बघणाऱ्याला पुढचा बॉल कुठला तेच कळत नाही, समोरचा खेळाडू तासभर खुर्चीत बसलेला, आणि मोस्कोनीसारख्याचं कौशल्य असं की अवघड शॉट येऊच द्यायचा नाही, त्यामुळे सगळं सोप्पंच दिसतं. कॉमेंटेटर बिचारा मोजणार काय, एकशे बारा, एकशे तेरा?

त्यामुळे टीव्हीने सुरुवातीला खेळापेक्षा माणसं विकली. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत १९६१ पासून जॅन्सको भावांनी हसलर लोकांच्या टूर्नामेंट भरवल्या, तिथे एबीसी या अमेरिकन चॅनलचा वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स हा कार्यक्रम जाऊन पोचला, कारण पैशावर खेळणारे, टोपणनावांनी ओळखले जाणारे लोक कॅमेऱ्याला आवडतात. आणि मग १९७८ च्या १४ फेब्रुवारीची ती मॅच, न्यूयॉर्कच्या हॉटेल वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियामध्ये, मोस्कोनी विरुद्ध मिनेसोटा फॅट्स हा हसलर. माइकवर हॉवर्ड कोसेल, बॉक्सिंगवाला, ज्याला पूलमधलं खास काही कळत असेल असं नाही, पण तमाशा कसा उभा करायचा हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. फॅट्स अखंड बडबडत होता, मोस्कोनी चिडत होता, कोसेल दोघांच्या मधे फुंकर घालत होता. मोस्कोनी आरामात जिंकला पण लोकांच्या लक्षात राहिली ती फॅट्सची बडबड. हे झालं पहिलं घराणं : शोमनचं. यात शॉट का मारला हे सांगत नाहीत, मारणारा कोण आहे ते सांगतात.

तिकडे ब्रिटनमध्ये वेगळंच चाललं होतं, आणि ते स्नूकरमधून आलेलं. टेड लो नावाचा माणूस लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलचा मॅनेजर होता, तिथल्या मॅचची कॉमेंट्री करायची तर वेगळा बूथ नाही, प्रेक्षकांतच बसायचं, म्हणून तो कुजबुजत बोलायचा. झालं, तीच स्टाइल ठरली. पुढे १९६९ मध्ये बीबीसीने रंगीत टीव्हीचं कौतुक म्हणून पॉट ब्लॅक सुरू केलं तेव्हाही हाच कुजबुजणारा टेड. ब्लॅक अँड व्हाइट सेट असलेल्यांसाठी गुलाबी बॉल हिरव्याच्या शेजारी आहे असं त्याने सांगितल्याचा किस्सा तर अजून फिरतो. हसू येतं, पण या घराण्याची खरी देणगी म्हणजे गप्प बसायची सवय. खेळाडू वाकला, क्यू मागेपुढे व्हायला लागला, की आवाज बंद. आजही जुन्या प्रेक्षकांना हे पाहिजेच असतं.

मधल्या काळात खेळ बदलला. नाइन-बॉल वर आला, विशेषतः १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या हॉलिवूड सिनेमानंतर. नाइन-बॉल टीव्हीला सोयीचा का, तर टेबलावरचा सगळ्यात लहान नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे, म्हणजे पुढे काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत. इथेच कॉमेंटेटरचं काम मुळातून बदललं. पुढचा बॉल कुठला हे माहीत असेल तर तिथे कसं पोचणार हा प्रश्न विचारता येतो, आणि तो शॉट मारायच्या आधी विचारता येतो.

आणि आता माझं आवडतं घराणं. पॅट फ्लेमिंग हा स्वतः प्रो खेळाडू, आकड्यांचं वेड असलेला. त्याने १९८० च्या दशकात न्यू जर्सीतून अ‍ॅक्यू-स्टॅट्स सुरू केलं. आधी आकडे, मग मॅचेसच्या व्हिडिओ कॅसेट. त्याचा टीपीए, म्हणजे टोटल परफॉर्मन्स अ‍ॅव्हरेज, हिशोबाला एकदम सोपा : पॉट केलेले बॉल भागिले पॉट केलेले बॉल अधिक चुका. ९० बॉल आणि १० चुका म्हणजे .९००, आणि .९०० च्या वर गेलात तर तुम्ही खरंच टॉपचं खेळलात. गंमत बघा, चूक मोजायची तर आधी चूक कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. बॉल चुकला ही चूक आहेच, पण पोझिशन, म्हणजे पुढच्या बॉलसाठी पांढऱ्या क्यू बॉलची जागा, बिघडली ती पण चूक, सेफ्टी, म्हणजे समोरच्याला शॉट मिळू नये म्हणून मारलेला शॉट, उघडी राहिली ती पण, ब्रेकवर, म्हणजे सुरुवातीच्या शॉटवर, फाउल ती पण. असा विचार करणाऱ्या माणसाच्या कॅसेटवर "अरेरे, थोडक्यात हुकलं" एवढंच बोलून कसं चालेल.

फ्लेमिंगने माइकवर बसवले खेळाडूच. बिल इन्कार्डोना, ग्रेडी मॅथ्यूज ज्याला प्रोफेसर म्हणायचे, डॅनी डिलिबर्टो, बडी हॉल. या लोकांकडे रेडिओचा आवाज नव्हता, वाक्यं मधेच तुटायची, कधीकधी दोघं एकमेकांवर बोलायचे. पण ऐकणारा कोण होता ते लक्षात घ्या. कॅसेट विकत घेणारा माणूस स्वतः खेळणारा, त्याला नियम सांगायची गरज नाही. त्यामुळे माइकवरचे दोघं असे बोलायचे जसे हॉलमध्ये टेबलाच्या मागे बसून दोन जाणकार बोलतील : हा इथून दोन रेल (टेबलाच्या कडा) जाणार, नाही रे, तो स्टन करून थांबवणार, एवढ्या लांबून नाही थांबत, बघच तू. आणि मग शॉट. दोघांपैकी एकजण चुकलेला असायचा आणि तो ते कबूल करायचा. वन पॉकेट या प्रकारात तर याची खरी मजा, कारण तिथे प्रत्येकाचं एकच पॉकेट, आठ बॉल आधी घालायचे, आणि निम्मा वेळ कुणी काही पॉटच करत नाही, नुसती बुद्धिबळासारखी अडवाअडवी. मॅथ्यूज आणि इन्कार्डोना नसते तर तो गेम नवीन माणसाने दहा मिनिटं पण बघितला नसता, मी तरी नक्कीच नसता बघितला.

शॉटच्या आधी बोलण्यात एवढं काय आहे, ते जरा सांगतो. समजा चार नंबर पॉट करायचाय आणि पुढे पाच आहे. पाचवर पोझिशन घ्यायचे दोन प्रकार असतात : क्यू बॉल पाचच्या शॉटच्या लाईनवरूनच सरकत येतो, म्हणजे थोडा कमीजास्त झाला तरी चालतं, नाहीतर तो ती लाईन आडवी ओलांडतो, म्हणजे वीतभर जागेत थांबला तर ठीक, नाहीतर गेला. टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसतात. थांबल्यावर "काय सुंदर पोझिशन" असं कुणीही म्हणेल. पण आधीच कुणी म्हणालं की याला लाईन ओलांडावी लागणार, कारण तीनवरून तो अँगलच्या चुकीच्या बाजूला आला, तर बघणाऱ्याला कळतं की चूक आत्ता नाही, दोन शॉट मागे झाली. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, आवाज बिवाज नंतर.

बरं, सगळं अमेरिकेतच घडलं असंही नाही. बॅरी हर्नच्या मॅचरूम कंपनीने १९९४ मध्ये लंडनजवळच्या रॉमफर्डला मोस्कोनी कप सुरू केला, अमेरिका विरुद्ध युरोप, प्रेक्षक ओरडतायत, गाणी म्हणतायत, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्यात शॉट मारायचाच. इथे टेड लोची कुजबुज ऐकूच येणार नाही. स्काय या ब्रिटिश चॅनलवर मग सिड वॉडेल आला, डार्ट्सवाला, ज्याच्या उपमा ऐकून माणूस खेळ विसरायचा. आणि त्याच्याच काळात जिम विच, कॅनडाचा जुना स्नूकर खेळाडू, जो १९८० आणि १९९२ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेला होता. विच शांतपणे सांगणार की इथे क्यू बॉलला डावा स्पिन लागेल. एक रंग भरणारा, एक उकलून सांगणारा, ही जोडीची पद्धत टीव्हीवर तेव्हापासून घट्ट बसली. फिल येट्स हा पत्रकार, त्याच्याकडे आकडे आणि जुने संदर्भ.

अमेरिकेत ईएसपीएनवर बायकांच्या मॅचेसना चांगले दिवस आले तेव्हा तिथे मिच लॉरन्स हा अभिनेता मुख्य आवाज आणि शेजारी एवा लॉरन्स किंवा अ‍ॅलन हॉपकिन्स, दोघंही मोठे खेळाडू. काही लोक नाक मुरडतात की दर वेळी पुश आउट म्हणजे काय ते काय सांगता. अहो पण तो चॅनल बदलता बदलता थांबलेला प्रेक्षक होता, कॅसेट विकत घेणारा नव्हता. त्याला ब्रेकनंतरच्या पुश आउटवर खेळाडू मुद्दाम बॉल न लावता क्यू बॉल का सरकवतो हे सांगितलंच नाही तर त्याला ते फाउल वाटणार.

मग इंटरनेट आलं आणि सगळी सरमिसळ झाली. स्ट्रीमवर दिवसभर मॅचेस चालतात, माइकवर जो मोकळा असेल तो बसतो, कधी नुकताच हरलेला खेळाडू, आणि तासन् तास बोलायचं म्हटलं की विषय भरकटतोच, काल रात्री काय झालं इथपर्यंत. कधी त्यातही सोनं सापडतं. पण एक दुखणं आहे : कॉमेंटेटर आणि खेळाडू एकमेकांना ओळखतात. जेरेमी जोन्स २००३ चा पूलच्या यूएस ओपनचा विजेता, मोस्कोनी कपमध्ये अमेरिकेच्या टीमचा कॅप्टन राहिलेला. अ‍ॅलेक्स लेली युरोपचा कॅप्टन राहिलेला. कार्ल बॉइस स्वतः मोस्कोनी कप खेळलेला. ज्याला आपण टीममध्ये घेतलं किंवा ज्याच्याबरोबर खेळलो, त्याने मूर्ख शॉट निवडला हे लाइव्ह बोलायला जिगर लागते. या तिघांचं मला आवडतं ते हेच की बऱ्याचदा ते बोलतात.

आणि तरी आधी बोलणाऱ्याची पण एक मर्यादा आहे बरं का. १९९५ ची अमेरिकेतल्या रीनोची सँड्स रीजेन्सी स्पर्धा, एफ्रेन रेयेस विरुद्ध अर्ल स्ट्रिकलंड, दोघंही दिग्गज, शेवटचा रॅक (म्हणजे डाव), १२-१२. स्ट्रिकलंडने पाच नंबर लपवून ठेवला, थेट दिसतच नाही. कुठलाही शहाणा कॉमेंटेटर इथे म्हणेल की आता नुसता लागला तरी पुष्कळ. एफ्रेनने दोन रेलवरून झेडसारखा क्यू बॉल फिरवला, पाच पॉट केला, वर सहावर पोझिशन पण आली.