३५३ (सरकारी कामात अडथळा)

ड्युटीवरच्या सरकारी माणसाला काम करू नये म्हणून मारलं किंवा अंगावर धावून गेलं की लागतं ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं (IPC) कलम. पोलिस, फायर ब्रिगेडवाले, सिव्हिलचे डॉक्टर, सगळ्यांसाठी हेच. खरं तर हा नंबर आता राहिलेलाच नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिथं ते कलम १३२ झालं, पण सोलापुरात कुणाला विचारा, 'त्याच्यावर ३५३ टाकलाय की' असंच म्हणतील.

नुसता वाद घातला, शिवी दिली एवढ्यावर हे कलम बसत नाही. हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, मात्र मारायला हात उगारला तरी तो हल्लाच. मारहाण न करता अडवणूक केली तर वेगळं कलम आहे, आधी १८६ होतं आता २२१, त्याला फार तर ३ महिने. लोक दोन्हीला सरकारी कामात अडथळाच म्हणतात, त्यामुळं गोंधळ होतो.

शिक्षेची गंमत वेगळीच. मूळ कलमात २ वर्षं, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आपल्यापुरती ती ५ केली आणि केस सेशन कोर्टात नेली, तेव्हा कर्मचारी खूश आणि आंदोलनवाले नाराज, कारण साहेबाला जाब विचारला तरी ३५३ लावतात ही त्यांची तक्रार (ती अगदीच खोटी नाही). न्याय संहितेच्या १३२ मध्ये परत २ च वर्षं आहेत. दुखापत झाली तर कलम १२१, त्यात ५ वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापत असेल तर १ ते १० वर्षं.

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला, सूत तासन्‌तास धुमसतंय, गर्दी जमलीये आणि गाडी उशिरा आली म्हणून कुणी फायरमनची कॉलर धरली, तर तो महापालिकेचा माणूस, म्हणजे लोकसेवक, कलम सरळ लागतं. खाजगी हॉस्पिटलचा डॉक्टर लोकसेवक नाही, त्याच्यासाठी राज्याचा २०१० चा वेगळा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, जामीन हक्कानं मिळत नाही, आणि काचा-मशिनी फोडल्या तर दुप्पट भरपाई. नर्स, पॅरामेडिकल स्टाफ पण त्यात येतात. अडचण होते ती १०८ ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची. रात्री-अपरात्री पूर्व भागातल्या बोळात गाडी घालणारा तोच, पहिली थप्पड खाणारा पण बऱ्याचदा तोच, पण पगार ठेकेदाराकडनं, मग तो लोकसेवक आहे की नाही यावर वकील भांडत बसतात.

आणि ही केस तडजोडीनं मिटत नाही. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन 'साहेब, चुकलं' म्हटलं, मार खाल्लेल्यानं माफ केलं, तरी रद्द करून घ्यायला हायकोर्टच गाठावं लागतं. पूर्वी त्यासाठी मुंबईला जायला लागायचं, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय.