पीचवरचं छप्पर: भिंत, चटई, काच आणि प्लास्टिक

डिसेंबर संपत आला की ब्रिटनमधल्या घरगुती बागांत काही भिंतींवर प्लास्टिक चढतं. दक्षिणेकडे तोंड केलेली विटांची भिंत, तिला पंख्यासारखं पसरून बांधलेलं पीचचं निष्पर्ण झाड आणि त्याच्या पुढे लाकडी चौकटीवर ताणलेला पारदर्शक कागद. बाजू उघड्या, जमिनीलगत फूटभर जागाही मोकळी. झाडाला थंडी वाजू नये म्हणून हा खटाटोप असेल, असं नवख्याला वाटतं. पण थंडी पीचला हवीच असते. बहुतेक जातींना हिवाळ्यात 7 अंश सेल्सिअसच्या खाली शेकडो तास काढावे लागतात, तेव्हा कुठे फांद्यांवरचे डोळे (कळ्या) नीट फुटतात. छप्पर असतं ते पावसासाठी. हे उमगायला माळ्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या.

पीच मूळचा चीनचा. युरोपला तो इराणमार्गे कळला, म्हणून रोमनांनी त्याला ‘पर्शियन सफरचंद’ म्हटलं आणि ती चूक त्याच्या शास्त्रीय नावात कायमची बसली. भारतात मात्र त्याचं मूळ लोकांच्या लक्षात होतं. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवलंय, की कनिष्काच्या काळात ओलीस म्हणून पंजाबात राहिलेल्या चिनी लोकांनी हे फळ आणलं आणि इथे त्याला ‘चीनानी’ म्हणत.

पॅरिसच्या थंड हवेत हे झाड जगत होतं, पण फळत नव्हतं. ते फुलतं फार लवकर, फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि एका रात्रीच्या दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, सगळा मोहर करपतो. सतराव्या शतकात यावर उपाय निघाला तो भिंतीचा. चौदाव्या लुईचा माळी ला कँतिनी याने 1678 ते 1683 या काळात व्हर्सायला राजाची फळबाग उभी केली, तीही भिंतींनी कप्पे पाडूनच. पण माझ्या मते खरी करामत पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रईच्या शेतकऱ्यांची. त्यांनी अरुंद वावरांभोवती जवळजवळ तीन मीटर उंच भिंती बांधल्या आणि त्यांना तिथल्याच जिप्समचा गिलावा दिला. दिवसभर ऊन शोषायचं आणि रात्री ते झाडाला परत द्यायचं, हे त्या गिलाव्याचं काम. तो मऊ असल्याने त्यात सहज खिळा ठोकता येई, म्हणून कोवळी फांदी कापडाच्या चिंधीत धरून ती चिंधीच भिंतीला ठोकत. एकेका झाडाला अशा शेकडो चिंध्या. एकोणिसाव्या शतकात या भिंतींची एकूण लांबी सुमारे 600 किलोमीटर होती.

भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेले दांडके असत. वसंतात त्यांवरून गवताच्या पेंढ्याच्या चटया सोडत. हेतू दहिवर अडवायचा, पण त्या चटयांखाली डोळे कोरडेही राहत. या कोरडेपणाचं मोल पुढे कळायचं होतं.

इंग्लंडात नुसती भिंत पुरत नव्हती. अठराव्या शतकात तिथे आतून पोकळ भिंती आल्या. पोटात धुराच्या नळ्या, मागे भट्टी. निकोला फात्यो द दुईलिए या गणितज्ञाने तर 1699 मध्ये, सूर्यकिरण अधिक सरळ पडावेत म्हणून भिंत तिरपी बांधा, असं सुचवलं होतं. काच हे सगळ्यांत चांगलं आच्छादन, पण तिच्यावर जबर कर होता, त्यामुळे काचघरातला पीच जमीनदारांच्याच ताटात. तो कर 1845 मध्ये उठला. चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने बांधलेल्या लांबलचक भिंतीपुढे 1848 मध्ये काच बसली. सॉब्रिजवर्थचे रोपवाटिकाकार टॉमस रिव्हर्स यांनी बिनभट्टीचं साधं काचघर आणि त्यात कुंडीतली फळझाडं ही कल्पना रुजवली. हे पाऊल मला पॅक्स्टनच्या भव्य बांधकामांपेक्षा मोठं वाटतं, कारण पीच त्यामुळे मध्यमवर्गाच्या अंगणात आला. इंग्लंडात घरोघरी लावतात ती ‘पेरेग्रीन’ ही जातही रिव्हर्सच्याच रोपवाटिकेची, 1906 ची.

काचेखालच्या झाडांना एक रोग जवळजवळ होत नसे: पानं जाड होऊन, लालसर फुगून मुरडण्याचा. दिसायला मिरचीच्या बोकड्याची आठवण यावी असा, पण बोकड्या विषाणूचा आणि ही बुरशी, टॅफ्रिना डिफॉर्मन्स. पूर्वी दोष थंड वाऱ्याला दिला जाई. प्रत्यक्षात बुरशीचे बीजाणू हिवाळाभर सालीवर आणि डोळ्यांवर बसून असतात. डोळे फुगताना पावसाचं पाणी मिळालं, की ते कोवळ्या पानात शिरतात. पाणीच नाही, तर शिरकावही नाही. काचेखाली त्रास होई तो लाल कोळी या बारीक किडीचा, कारण त्याला कोरडी ऊब मानवते.

1885 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, जाहीर केलं. पुढे पीचवरही तेच फवारलं गेलं आणि छपराचा मुद्दा मागे पडला. मोंत्रईच्या भिंतींनाही रेल्वेने दक्षिणेतून आणलेल्या स्वस्त फळांनी केव्हाच हरवलं होतं. आता तिथे थोड्याच उरल्यात, त्यातल्या साडेआठ हेक्टरांना 2003 मध्ये संरक्षण मिळालं. ब्रिटनमध्ये आज घरगुती माळ्याला या रोगावर एकही मान्यताप्राप्त बुरशीनाशक मिळत नाही, म्हणून छप्पर परत आलं. मोंत्रईतल्या चटईची जागा स्वस्त पॉलिथिनने घेतली एवढंच. अवकाळी पावसात बागेवर प्लास्टिक ताणणाऱ्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आच्छादन मेच्या मध्यापर्यंत ठेवतात. तोवर मुळांना पाणी हाताने द्यावं लागतं. फुलोऱ्याच्या दिवसांत थंडीमुळे मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून दुपारी ऊन पडलं की मऊ कुंचला घ्यायचा आणि एकेका फुलावरून अलगद फिरवायचा.